अधिक-उणे बारा

बाजारात त्याला मिलिग्रॅम म्हणत. तोंडावर मिलिग्रॅमसाहेब, पाठीमागे नुसतंच मिलिग्रॅम. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्याने एकतीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत कुठल्याही दुकानदाराचा चहा घेतला नाही. लाचेची गोष्ट सोडाच, साधा चहासुद्धा नाही. कारण चहा घ्यायचा म्हणजे बसावं लागतं, बसलं की बोलावं लागतं, आणि बोलणं झालं की समोरच्याच्या काट्याबद्दल आपलं मत उगाच बरं होतं. हे त्याने कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. तो तोलूनमापून बोलायचा, म्हणजे बहुतेक वेळा बोलायचाच नाही.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात काय करणार, ही काळजी त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला जास्त होती, आणि ती खरी ठरली. पहिल्या महिन्यात त्याने स्वयंपाकघरातलं प्रत्येक माप तपासलं. दूध मोजायचा पेला चार मिलिलिटरने खोटा निघाला. दुसऱ्या महिन्यात खोकल्याच्या औषधाच्या टोपणाची पाळी आली. तिसऱ्या महिन्यात, शिवणाच्या टेपवर तो भिंग घेऊन बसलेला दिसला तेव्हा बायकोने टेप काढून घेतली.

"अहो, तपासाच," ती म्हणाली, "पण असं काहीतरी तपासा की जे मला वापरायचं नसेल."

त्याच सुमारास खात्याने दोन जुने कॉम्प्युटर मोडीत काढले आणि ते त्याच्याकडे आले. त्यांत बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्रॅम होते. एकाच्या माहितीत लिहिलं होतं, जगातला सर्वांत बलवान. दुसऱ्याच्या माहितीतही तेच लिहिलं होतं. मिलिग्रॅमने चष्मा पुसून दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. दोघंही सर्वांत बलवान असणं शक्य नव्हतं. कुणीतरी माप खोटं सांगत होतं.

त्याला स्वतःला बुद्धिबळ येत नसे. सोंगट्या कशा चालतात एवढं माहीत होतं, आणि त्यापुढे शिकायची त्याला गरज वाटली नाही. साखरेचा काटा तपासायला साखर आवडावी लागत नाही. त्याने दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांशी खेळायला लावले आणि कोण किती जिंकतं, किती हरतं, किती डाव बरोबरीत सुटतात ते वहीत मांडायला सुरुवात केली. पहिल्या डावात एक जिंकला, दुसऱ्या डावात दुसरा. वीस डावांनंतर एकाचं पारडं जड झालं, चाळीस डावांनंतर दुसऱ्याचं. चौथ्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं की शंभर डावांचासुद्धा भरवसा धरता येत नाही, निदान दोन हजार हवेत. बायकोने विचारलं, किती दिवस लागतील? तो म्हणाला, अकरा-बारा. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

अशी यादी सुरू झाली. नऊ-दहा वर्षांत तिच्यात दोनशे चाळीस प्रोग्रॅम झाले. प्रत्येक नवा प्रोग्रॅम वीस जाणत्या, म्हणजे आधीच तपासलेल्या, प्रोग्रॅमशी प्रत्येकी शंभर डाव खेळे, आणि मग त्याला एक आकडा मिळे, त्याच्या ताकदीचा. आकड्यापुढे त्रुटी लिहिलेली असे: अधिक-उणे बारा. म्हणजे खरी ताकद या आकड्यापेक्षा बारा गुणांनी जास्त असू शकेल किंवा बारा गुणांनी कमी. त्यापलीकडचं दोन हजार डावांतून सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही ते मिलिग्रॅम सांगत नसे. यादी दर महिन्याच्या एक तारखेला इंटरनेटवर लागे. पहिल्या पानावर पन्नास नावं, बाकीची पुढच्या पानांवर. वाचणारे जगभरात मिळून चाळीसेक, त्यांतले बहुतेक स्वतःच प्रोग्रॅम लिहिणारे. त्यांच्यात या यादीच्या शब्दाला वजन होतं. कुणाचा नंबर घसरला तर तो खरमरीत पत्र लिही, आणि मिलिग्रॅम ते पत्र तारीखवार लावून ठेवी.

काम सकाळी आठला सुरू होई आणि संध्याकाळी सहाला बंद, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी. कॉम्प्युटरला जेवायचं नसतं हे त्याला माहीत होतं.

आता या गोष्टीतलं खरं कलम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी, एक खिडकीकडे, एक दाराकडे. दिसायला जुळे भाऊ. पण दाराकडच्याचा पंखा थकलेला, तो तापायचा आणि मंद व्हायचा. खिडकीकडचा त्याच्यापेक्षा थोडा वेगात विचार करी. वेगात विचार करणाऱ्याला फायदा मिळणारच. मग न्याय कसा करायचा? तराजूची दांडी एका बाजूला खोटी असेल तर जुने लोक काय करतात? पारडी पालटतात. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे, आणि पुन्हा तोलतात. हे त्याला खात्याने शिकवलं नव्हतं. त्याच्या वडिलांचं खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकायचं दुकान होतं. त्यांनी दोन्ही मुलांना गल्ल्याशेजारी उभं करून ते शिकवलं होतं.

तेव्हा नवा प्रोग्रॅम एका पेन ड्राइव्हवर, त्या ड्राइव्हला लाल दोरा. वीस जाणते प्रोग्रॅम दुसऱ्या ड्राइव्हवर, त्याला दोरा नाही. पहिले हजार डाव लाल दोरा खिडकीकडे. हजार झाले की दोन्ही ड्राइव्ह काढायचे, अदलाबदल करायची आणि पुढचे हजार डाव लाल दोरा दाराकडे. घरात या कामाला पारडी पालटणं म्हणत. वहीत त्याच्यासाठी वेगळा रकाना होता. बायकोला बाकी काही कळत नसे, पण आज पालटायचा दिवस आहे हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं.

आता भावाचं सांगायला हवं.

वडिलांच्या मागे दुकान थोरल्याकडे आलं. मिलिग्रॅम त्याला दादा म्हणे, बाजारही दादाच म्हणे. दादा मोकळा माणूस. हसणारा, गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखणारा. अकरा वर्षांपूर्वी त्या गल्लीतल्या काट्यांच्या तपासणीची वेळ आली. खात्यातला सहकारी म्हणाला, "तुझ्या भावाचं दुकान मी बघतो की."

मिलिग्रॅम म्हणाला, "का? त्याचा काटा वेगळ्या लोखंडाचा आहे?"

तो दुकानात गेला, दादाने पुढे केलेला चहा नको म्हणाला, आणि पारडी पालटली. काटा खोटा निघाला. किलोला बारा ग्रॅम. त्यातही गंमत अशी, की जास्तीचे बारा ग्रॅम गिऱ्हाइकाला जात होते. दादा किती तरी वर्षं स्वतःलाच ठकवत होता आणि त्याला पत्ता नव्हता. पण खोटा काटा तो खोटा काटा. मिलिग्रॅमने नियमाप्रमाणे त्याला मोहोर लावली आणि दांडीखाली छापील कागद डकवला: त्रुटी बारा ग्रॅम. काटा मोहोरबंद.

झालं एवढंच. पण बाजार कागद वाचतो तो आपल्या पद्धतीने. सख्ख्या भावाने सील केलंय म्हणजे केवढं मोठं लफडं असेल, असं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झालं, आणि काट्याचा नायटा झाला. पाच आठवड्यांनी काटा दुरुस्त होऊन उघडला, तरी वीस वर्षं तिथूनच खिळे नेणारा एक सुतार तेव्हापासून पुडी समोरच्या किराणा दुकानात नेऊन पुन्हा तोलून बघू लागला. दादाच्या डोळ्यांदेखत. दादाने त्याला कधी काही विचारलं नाही. मिलिग्रॅमशी मात्र त्याने बोलणं टाकलं, ते कायमचं.

सहा वर्षांपूर्वी यादीकडे एक मेल आला. "सोबत प्रोग्रॅम. नाव खिळा. तपासावा." पाठवणारा दादा. मोहोरबंद पाच आठवड्यांत, शटर अर्धं ओढून बसलेला असताना, त्याने मुलीची कॉलेजातली प्रोग्रॅमिंगची पुस्तकं वाचायला काढली होती आणि मग ती खाली ठेवलीच नव्हती, हे वहिनीकडून बायकोला आणि बायकोकडून मिलिग्रॅमला, असं कळलं. जावाजावांचं फोनवर बोलणं चालू होतं; त्या दोघींनी कुणालाच सील केलं नव्हतं.

मिलिग्रॅमने प्रोग्रॅम तपासला आणि उत्तर लिहिलं: "तपासला. ११२वा. त्रुटी अधिक-उणे बारा."

चार महिन्यांनी दुसरी आवृत्ती आली. "सोबत दुसरी. तपासावी." उत्तर गेलं: "९८वा. अधिक-उणे बारा." असं सहा वर्षं चाललं. तेरा आवृत्त्या, तेरा उत्तरं. आपल्या ओळखीतले किती भाऊ एकमेकांना इतकं नियमित लिहितात ते आठवून बघा. मिलिग्रॅम ते मेल छापून वेगळ्या फायलीत ठेवत असे. त्या फायलीवर त्याने काही लिहिलं नव्हतं.

चौदावी आवृत्ती आली तेव्हा खिळा एकसष्टाव्या नंबरावर होता. मिलिग्रॅमने लाल दोऱ्याचा ड्राइव्ह खिडकीकडे लावला. सहाव्या दिवशी दुपारी हजार डाव पुरे होणार होते, आणि नेमकं त्याच दिवशी त्याला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. आपण जिवंत आहोत हे सांगायला तो तीन तास रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे न बघताच शिक्का मारला, हे त्याला फार लागलं. बघितल्याशिवाय शिक्का मारायचा?

घरी आला तेव्हा डोकं तापलेलं होतं. तो न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारू लागला. बायको बाहेरून म्हणाली, "पारडी पालटलीयेत हो."

नळ जोरात होता. त्याला ऐकू आलं, पारडी पालटायचीयेत हो.

"हो," तो म्हणाला.

तो खोलीत गेला. हजार डाव संपून दोन्ही कॉम्प्युटर थांबलेले. त्याने दोन्ही ड्राइव्ह काढले, अदलाबदल करून लावले, बटण दाबलं आणि वहीच्या रकान्यात लिहिलं: पालटले. लाल दोरा कुठे होता आणि कुठे गेला ते त्याने बघितलं नाही. इतक्या वर्षांत ते काम डोळ्यांकडून हातांकडे गेलं होतं. हाताखालच्या कुणी असा रकाना भरला असता तर मिलिग्रॅमने त्याला दोन तास धारेवर धरलं असतं.

निकाल लागला: २८१२, नंबर एकोणपन्नास. खिळा पहिल्या पानावर आला. मिलिग्रॅमने नेहमीसारखंच उत्तर पाठवलं. चार दिवस काहीच आलं नाही. मग आलं: "पाहिलं. सगळे डाव पाहिले. रविवारी आम्ही दोघं येतो."

त्याने ते वाचलं आणि बायकोला हाक मारली. हाक मारल्यावर त्याने नुसतं पडद्याकडे बोट केलं. तिने वाचलं आणि पदर डोळ्याला लावला, आणि लगेच खोली झाडायला घेतली.

रविवारी दादा आला. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. दारात दोघं एकमेकांसमोर उभे राहिले आणि दोघांनीही चपलांकडे बघितलं. मग दादा सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत गेला.

"हे ते दोघं?"

"हो."

"वेगाचा कुठला?"

"खिडकीकडचा."

दादाने खिडकीकडच्या कॉम्प्युटरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग तो मिलिग्रॅमकडे बघून हसला. अकरा वर्षांनी. मिलिग्रॅमला ते हसणं नीटसं कळलं नाही, पण त्याला इतकं बरं वाटलं की कळून घ्यायची गरज वाटली नाही.

चहा आला. तपासलेल्या माणसाबरोबर बसून घेतलेला मिलिग्रॅमचा हा पहिला चहा. दादा दुकानातल्या गमती सांगत होता, वहिनी त्याला दुरुस्त करत होती. मग वहिनीने जावेला विचारलं, "तुला यातलं काही कळतं का गं? दिवसभर ही यंत्रं घरात म्हणजे."

"कळतं तर," बायको म्हणाली, "अर्धं काम माझंच आहे. मागे हे दाखल्याला गेले होते, तर पारडी मीच पालटली. लाल दोरा खिडकीकडून दाराकडे. बटणाला मात्र हात लावला नाही, यांचं तुम्हाला माहीत आहे."

मिलिग्रॅमचा कप ओठांशी होता. तो तिथेच राहिला. तिने लाल दोरा दाराकडे नेला होता, त्याने तो परत खिडकीकडे आणला होता. दोन हजारच्या दोन हजार डाव खिळा वेगाच्या कॉम्प्युटरवर बसून खेळला होता. पारडी दोनदा पालटली होती, म्हणजे पालटलीच नव्हती.

त्याने दादाकडे बघितलं. दादाचं हसू गेलं होतं. तो बशीत सांडलेल्या चहाकडे बघत होता.

"मी पण पालटली," मिलिग्रॅम म्हणाला.

वहिनीला काही कळलं नाही. दादाने कप खाली ठेवला आणि उठला. "निघतो," तो म्हणाला. "दुकानात माल यायचाय."

रविवारी माल येत नाही हे चौघांनाही माहीत होतं.

ते गेल्यावर बायकोने कपबश्या गोळा केल्या. मग तिने विचारलं, "किती फरक पडेल?"

"दहा-बारा गुण."

"तुमचं ते अधिक-उणे बाराच आहे ना? मग त्यातच बसलं की. राहू द्या ना."

"त्रुटी वेगळी आणि चूक वेगळी."

"म्हणजे?"

"मला माहीत नाही ती त्रुटी. मला माहीत आहे ती चूक."

"आणि भाऊजी पुन्हा यायचे बंद झाले तर?"

त्याने तिच्या हातातल्या कपबश्या घेतल्या आणि मोरीत नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने लाल दोरा दाराकडे लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ते अकरा दिवस त्याला जड गेले. यापूर्वी कुठला प्रोग्रॅम जिंकतो याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. आता तो खुर्ची ओढून समोर बसू लागला. खिळ्याने घोडा घेतला की त्याचे पाय आपोआप हलायचे. खिळा हरला की जेवण जात नसे. चाली कळत नसूनही तो त्या बघत होता. सातव्या दिवशी खिळा पन्नासच्या आत दिसत होता, आठव्या दिवशी बाहेर. काट्याकडे आशेने बघू नये, असं तो नव्या निरीक्षकांना सांगायचा. आता तो दिवसातून वीसदा आशेनेच बघत होता आणि स्वतःवर चिडत होता. सहाव्या दिवशी पारडी पालटताना त्याने बायकोला शेजारी उभं केलं आणि लाल दोरा कुठे आहे ते दोघांनी मोठ्याने म्हटलं.

निकाल: २८००. नंबर त्रेपन्न. बरोबर बारा गुण गेले. या गोष्टीत बारा हा आकडा फार वेळा येतो, त्याला माझा इलाज नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याने दादाला आधी सांगितलं नव्हतं. दादाने कागदावरच वाचलं होतं. या वेळी तो यादी लावायच्या आधी दुकानात गेला. जेवणाची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. दादा पाट्यांमधून गंजके खिळे वेचून काढत होता. दांडीखाली जुन्या कागदाच्या डिंकाचा तपकिरी चौकोन अजून होता.

"दादा, पुन्हा तपासला. त्रेपन्न आला."

दादाने मान हलवली. खिळे वेचणं चालूच ठेवलं.

"चूक माझी होती," मिलिग्रॅम म्हणाला. "तुझा काही..."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"तू डावांच्या फायली लावतोस ना यादीबरोबर? त्यात प्रत्येक चालीचा वेग असतो. आधीच्या तेराही वेळा अर्धे डाव वेगात, अर्धे मंद. या वेळी दोन हजारच्या दोन हजार वेगात. पारडी पालटलेलीच नव्हती." दादाने एक खिळा उजेडात धरून बघितला. "मी म्हटलं, हा चुकणं शक्य नाही. हा घड्याळसुद्धा मोजून बघतो. म्हणजे यानं मुद्दाम केलंय. एकदा तरी माझ्यासाठी काणाडोळा केलाय. बोलता येत नाही, म्हणून असं केलंय. म्हणून आलो मी."

मिलिग्रॅमला वाटलं होतं की दादा पहिल्या पानासाठी आला.

"तू केलं नव्हतंस," दादा म्हणाला.

"नाही."

"नाहीच करणार तू." त्याने खिळा गंजक्यांत टाकला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "नंबराचं मला काही नाही रे. त्रेपन्न तर त्रेपन्न. तिथे तू निदान अधिक-उणे लिहितोस. कुठल्या कुठल्या देशांतल्या प्रोग्रॅमांना लिहितोस. माझ्या काट्यावर नुसतं बारा ग्रॅम लिहिलंस. अधिक की उणे, ते लिहिलं नाहीस."

"रकाना नव्हता," मिलिग्रॅम म्हणाला.

खरंच नव्हता. खात्याच्या छापील कागदावर त्रुटी किती एवढीच जागा होती, कुणाच्या बाजूने हे विचारलेलं नव्हतं. अकरा वर्षं हे उत्तर त्याच्याजवळ तयार होतं आणि ते त्याला पुरेसं वाटत आलं होतं. आता ते तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला स्वतःलाच ते ऐकवेना.

"नव्हता," दादा म्हणाला. "पण पेन होतं की तुझ्याकडे."

एक तारखेला यादी लागली. तिच्या डोक्यावर, पहिल्या नंबराच्याही वर, चौकटीत मजकूर होता. मिलिग्रॅमने तो लिहायला दोन दिवस घेतले.

"दुरुस्ती. खिळा, चौदावी आवृत्ती: गुणांक २८१२ दिला होता, तो २८०० असा वाचावा. चूक तपासनीसाची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा दोष नाही.

दुसरी दुरुस्ती. दुकानाचा काटा, अकरा वर्षांपूर्वीची तपासणी: त्रुटी बारा ग्रॅम दिली होती, ती गिऱ्हाइकाच्या फायद्याची बारा ग्रॅम अशी वाचावी. चूक तपासनीसाची. दुकानदाराचा दोष नाही."

चाळीस वाचकांमध्ये खळबळ माजली. एकाने लिहिलं, दुकानाचा काटा हा प्रोग्रॅम यादीत सापडत नाही, तो कुठे मिळेल? दुसऱ्याने विचारलं, बारा ग्रॅम म्हणजे साधारण किती गुण? तिसऱ्याने दोघांची समजूत घातली की हा बहुतेक जुना प्रोग्रॅम असावा, आता कुणी वापरत नाही. मिलिग्रॅमने तिन्ही पत्रं तारीखवार लावून ठेवली.

पण बाजार ती यादी वाचत नाही. म्हणून दुसरी दुरुस्ती त्याने मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि डिंकाची बाटली घेऊन तो दुकानात गेला. दादाने त्याला अडवलं नाही, ये म्हटलं नाही. मिलिग्रॅमने दांडीखालच्या तपकिरी चौकोनावर डिंक लावला आणि कागद डकवला. जुन्या हाताने, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत.

तेवढ्यात सुतार आला. तोच, पुडी समोर नेऊन तोलणारा. त्याने निरीक्षकाला ओळखलं, नव्या कागदाकडे बघितलं आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

"गिऱ्हाइकाच्या फायद्याची," तो म्हणाला. "म्हणजे आम्हाला जास्त येत होतं?"

"किलोला बारा ग्रॅम," मिलिग्रॅम म्हणाला.

"मग साहेब, हे तेव्हाच का नाही लिहिलं?"

रकाना हा शब्द मिलिग्रॅमच्या जिभेवर आला आणि त्याने तो गिळला.

"चुकलं," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"माझं."

सुताराने पिशवी काढली आणि दादाकडे न बघता म्हणाला, "अर्धा किलो द्या. दीड इंची."

दादाने वजन टाकलं आणि दुसऱ्या पारड्यात खिळे घालायला सुरुवात केली. अकरा वर्षं तो शेवटचा खिळा दोन बोटांत धरून टाकत आला होता, एक इकडे नाही की तिकडे नाही; आताही तसंच केलं. दांडी हलली, डुलली आणि मधोमध थांबली. मिलिग्रॅमने ती बघितली. काटा एकदम बरोबर होता.

दादाने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग पाटीत हात घातला, मूठभर खिळे उचलले आणि पारड्यात वरून टाकले. पारडं खण्‌कन खाली बसलं.

मिलिग्रॅम तेव्हा रस्त्याकडे बघत होता. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी खिळे कागदात बांधून होईपर्यंत तो तिकडेच बघत राहिला.